काळीज, तिल्ली, वजडी : अंतर्गत अवयवांचे आहारमूल्य

गावात बोकड कापला की त्याचे वाटे पडतात. जाणता माणूस पानांवर मांसाचे सारखे ढीग मांडतो आणि प्रत्येक ढिगावर काळजाची एक फोड, थोडी वजडी, गुर्द्याचा वा फुप्फुसाचा तुकडा आठवणीने ठेवतो. एखाद्या वाट्यात काळीज पडले नाही तर त्यावरून बोलाचाली होते. या अवयवाचे मोल खेड्यात पूर्वापार जाणले जाते, याचाच हा पुरावा होय. वाटा घरी पोहोचल्यावर मात्र तो न्याय राहत नाही. काळजाची फोड बहुधा कर्त्या पुरुषाच्या किंवा पाहुण्याच्या ताटात पडते, उरले तर मुलग्यांना मिळते, आणि सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला रस्सा राहतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होते, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत 67 टक्के. म्हणजे ज्यांना काळजाची फोड बहुधा मिळत नाही, त्यांच्यातच रक्ताची कमतरता अधिक आहे. ही कमतरता केवळ त्या फोडीमुळे आहे असे म्हणणे अर्थातच बरोबर ठरणार नाही. तिची कारणे अनेक आहेत. परंतु काळजाने रक्त वाढते ही लोकांची समजूत कितपत खरी, ते किती खावे, कोणी खावे आणि कोणी जपून खावे, हे शास्त्राच्या आधारे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम नावांविषयी. बोलीत काळीज म्हणजे हृदय. ते फाटते, धडधडते, पाषाणाचे होते. खाटकाच्या दुकानात मात्र काळीज म्हणजे यकृत, आणि हृदयाला तेथे दिल म्हणतात. इंदूर, ग्वाल्हेर व हैदराबाद येथील मराठी कुटुंबांत काळजाला बाजारच्या भाषेप्रमाणे कलेजी म्हटले जाते; वजडी हैदराबादेत बोटी होते. प्लीहेला जुन्या मराठीत पाणथरी असे नाव आहे, पण दुकानात तिल्ली म्हटल्यावाचून ती मिळत नाही. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांचे सोरपोतेल हे डुकराचे मांस, काळीज, हृदय आणि जुन्या पद्धतीत रक्तही व्हिनेगरमध्ये शिजवून केले जाते. मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी लिहिलेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या ग्रंथात अशा पदार्थांची तपशीलवार नोंद आहे. ज्यांना चांगल्या मांसाचा वाटा कधी मिळाला नाही, त्यांनी उरलेसुरले म्हणून टाकले जाणारे अवयव उपयोगात आणले आणि त्यासाठी शतकानुशतके हीनतेची वागणूक सोसली. आहारशास्त्राच्या तराजूत मात्र हेच अवयव चांगल्या मांसापेक्षा जड भरतात.

जसे काम तसा साठा

कोणत्या अवयवात काय असेल हे पाठ करण्याची आवश्यकता नाही. त्या अवयवाचे जिवंत शरीरातील काम लक्षात घेतले की पुष्कळसे उत्तर आपोआप मिळते.

यकृत हे शरीराचे कोठार आहे. शेळी हिरवा पाला खाते. त्या पाल्यातील कॅरोटीन या रंगद्रव्यापासून तिचे शरीर अ जीवनसत्त्व तयार करते आणि ते यकृतात साठवून ठेवते. ब-12 जीवनसत्त्व शेळी-मेंढीच्या पोटातील सूक्ष्म जंतू तयार करतात. तेही यकृतातच साठते. फॉलिक आम्ल, लोह, तांबे यांचीही तेथेच साठवण होते. काळीज खाणे म्हणजे त्या जनावराने महिनोन्‌महिने जमविलेली शिल्लक एका बैठकीत मिळविणे होय. हिरवा चारा मुबलक असताना हा साठा भरलेला असतो आणि कोरड्या चाऱ्यावर काढलेल्या दिवसांत तो उतरतो, हेही यावरून ध्यानात येईल.

मेंढीच्या 100 ग्रॅम कच्च्या काळजात सुमारे 19 ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच मांसात ती 18 ते 19 ग्रॅम असतात. म्हणजे प्रथिनांच्या बाबतीत काळीज आणि मांस यांत फरक नाही. लोह मांसात सुमारे अडीच मिलिग्रॅम, तर काळजात सहा ते सात. खरा फरक पुढे आहे. ब-12 जीवनसत्त्व मांसात दोन ते तीन मायक्रोग्रॅम आणि काळजात सुमारे 90. अ जीवनसत्त्व मांसात नाममात्र आणि काळजात साडेसहा ते सात हजार मायक्रोग्रॅम. कोंबडीच्या काळजात अ आणि ब-12 ही दोन्ही यापेक्षा बरीच कमी असतात, पण लोह नऊ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉलिक आम्ल तर मेंढीच्या काळजाच्या दुपटीहून अधिक भरते. बोकडाचे काळीज आता बहुतेक ठिकाणी मटणाच्याच भावाने मिळते. कोंबडीचे काळीज त्या मानाने पुष्कळ स्वस्त असते, आणि गरीब कुटुंबाच्या दृष्टीने याला महत्त्व आहे.

हृदय जन्मापासून विसावा न घेता काम करणारा स्नायू आहे. अन्नापासून शक्ती निर्माण करण्यासाठी लागणारी ब-गटातील जीवनसत्त्वे व लोह त्यात चांगल्या प्रमाणात असतात. साठवण हे त्याचे काम नसल्यामुळे अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ही उणीव एका प्रसंगी कशी गुणकारी ठरते, ते पुढे येईल. गुर्द्यात लोह व ब-12 भरपूर असतात. फुप्फुसाला गिऱ्हाईक नसते, तरी रक्ताने भरलेला अवयव असल्याने त्यात सहा-सात मिलिग्रॅम लोह असते.

लोहाच्या बाबतीत सर्वांवर मात करणारी आहे ती तिल्ली. जुन्या झालेल्या तांबड्या रक्तपेशी मोडून त्यांतील लोह परत मिळविणे हे तिचे नित्याचे काम आहे. त्यामुळे मेंढीच्या 100 ग्रॅम तिल्लीत सुमारे 40 मिलिग्रॅम लोह आढळते, म्हणजे काळजाच्या सहापट. एका जनावरात ती लहानशीच निघते आणि पुष्कळदा दुकानाबाहेरच्या कुत्र्यापुढे टाकली जाते. रक्ताची गोष्टही अशीच आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे 3.4 मिलिग्रॅम लोह असते. तेव्हा साकळलेले रक्त शिजवून केलेला रक्ती हा पदार्थ लोहाच्या दृष्टीने फार मोलाचा ठरतो. रक्त मात्र अतिशय लवकर नासते. ते निरोगी जनावराचे, स्वच्छ भांड्यात धरलेले आणि तत्काळ शिजविलेले असले पाहिजे.

वजडी व खुरांविषयी थोडक्यात सांगता येईल. वजडीत प्रथिने बेताची, लोह अत्यल्प. पायाचा रस्सा हाडे मोडलेल्याला व बाळंतिणीला आवर्जून दिला जातो, कारण त्यातून हाडांना बळ देणारे कॅल्शियम मिळते अशी समजूत आहे. हाडातील कॅल्शियम पाण्यात फारसे उतरत नाही. रस्सा थंड झाल्यावर जो चिकट थर धरतो तो जिलेटिनचा असून ते अपुऱ्या प्रतीचे प्रथिन आहे. रस्सा चविष्ट असतो, आजाऱ्याच्या तोंडाला चव आणतो, एवढे श्रेय त्याला द्यावे. कॅल्शियमसाठी दूध, दही, नाचणी आणि काट्यांसह खाता येणारी लहान मासळी यांकडेच वळावे. भेजा स्निग्ध असतो व त्यात कोलेस्टेरॉल फार मोठ्या प्रमाणात, 100 ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्याही वर, असते. भेजा खाल्ल्याने बुद्धी वाढते या समजुतीला आधार नाही.

मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया आणि काळजाचे रहस्य

यकृताचा औषधी उपयोग फार जुना आहे. रातांधळेपणावर बोकडाचे यकृत पिंपळीबरोबर शिजवून द्यावे असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. अ जीवनसत्त्वाचा शोध विसाव्या शतकातला. उपाय मात्र त्याआधी कितीतरी शतके वैद्यांना ठाऊक होता.

रक्तक्षयाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. अमेरिकेतील जॉर्ज व्हिपल यांनी 1920 च्या सुमारास कुत्र्यांच्या शरीरातून रक्त काढून त्यांना रक्तक्षय घडविला, आणि कोणत्या अन्नाने रक्त लवकर भरून येते ते पाहिले. यकृत सर्वांत गुणकारी ठरले. त्यावरून जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी यांनी त्या काळी प्राणघातक असलेल्या एका रक्तक्षयाच्या रोग्यांना रोज 120 ते 240 ग्रॅम यकृत खाऊ घातले. 45 रोग्यांचा हा अनुभव 1926 मध्ये प्रसिद्ध झाला. मरणाच्या दारातील माणसे काही आठवड्यांत हिंडू-फिरू लागली होती. या तिघांना 1934 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, व्हिपल यांच्या कुत्र्यांना हवे होते ते लोह, आणि मायनॉट यांच्या रोग्यांना हवे होते ते ब-12. एकाच अवयवात दोन्ही असल्यामुळे वेगळ्या रोगावरील प्रयोगातून योग्य औषध सापडले. ब-12 वेगळे काढता आले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, 1948 मध्ये.

या कथेतील एक प्रकरण मुंबईत घडले. गिरण्यांत काम करणाऱ्या व गरीब वस्त्यांत राहणाऱ्या अनेक स्त्रियांना गरोदरपणात तीव्र रक्तक्षय होई व त्यात कित्येकींचा मृत्यू ओढवे. त्याचा शोध घेण्यासाठी ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये भारतात आल्या. त्यांनी मुंबईच्या हाफकिन संस्थेत व पुढे कुन्नूर येथे काम केले. या स्त्रियांच्या रक्तपेशी संख्येने कमी, परंतु आकाराने मोठ्या होत्या, म्हणजे मायनॉट यांच्या रोग्यांसारख्याच. त्यांच्या आहारात पालेभाज्या, फळे व मांस यांचा अभाव होता. विल्स यांनी यीस्टपासून केलेला मार्माइट हा स्वस्त अर्क त्यांना दिला, आणि त्याचा गुण आश्चर्यकारक दिसून आला. हा निष्कर्ष 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे असेही आढळले की, यकृताचा ओबडधोबड अर्क या स्त्रियांना लागू पडतो, पण मायनॉट यांच्या रोग्यांना बरा करणारा, शुद्ध केलेला यकृत अर्क लागू पडत नाही. शुद्ध करताना काहीतरी हरवत होते. ते काहीतरी म्हणजे फॉलिक आम्ल. 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या कृत्रिम निर्मितीचे काम अमेरिकेत ज्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, ते यल्लप्रगडा सुब्बाराव मूळचे आंध्रचे होते. गरोदर स्त्रियांना आज दिल्या जाणाऱ्या गोळीतील एक घटक अशा रीतीने मुंबईच्या चाळींतून जगाला मिळाला आहे, ही गोष्ट शाळांतून सांगितली जावी इतकी मोलाची आहे.

काळजाने रक्त वाढते ही समजूत तेव्हा खरी आहे. परंतु तिचे कारण लोक समजतात तेवढेच नाही. लोह हे त्याचे एक अंग झाले. रक्तपेशी घडण्यास ब-12 आणि फॉलिक आम्लही लागते, आणि काळजाची विशेष शक्ती या दोहोंत आहे. ब-12 ची कमतरता आपल्याकडे थोडी नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत 1990 च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात ब-12 कमी आढळले. वनस्पतिजन्य अन्नात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. जी कुटुंबे धर्माने वा रुचीने शाकाहारी आहेत, त्यांना ते दूध, दही, ताक यांतून मिळते. त्यांनी काळजाकडे वळण्याचे कारण नाही, पण घरातील स्त्रियांच्या वाट्याला दूध किती येते हे त्यांनीही पाहावे.

किती, आणि कोणाला

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम ब-12 पुरते. शरीर एका जेवणातून दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषून घेऊ शकते. त्यावर कितीही खाल्ले तरी त्यातील शंभरात एखादा भागच अंगी लागतो. मेंढीच्या काळजाच्या दहा ग्रॅमच्या फोडीत आठ-नऊ मायक्रोग्रॅम ब-12 असते. याचा अर्थ असा की, एकट्या माणसाने पावशेर काळीज संपविले तर त्याचा फारच थोडा भाग सार्थकी लागतो. तेच काळीज घरातील पाच-सहा माणसांत वाटले, आणि शक्य तेथे एका दिवसाऐवजी दोन दिवशी थोडे-थोडे खाल्ले, तर प्रत्येकाच्या शरीराला त्याचा लाभ होतो. गावात वाटे घालताना जो हिशेब सांभाळला जातो, तो घरातील ताटांपर्यंत नेणे असे शास्त्रदृष्ट्याही योग्य ठरते.

प्रौढ स्त्री-पुरुषांना आठवड्याला 40 ते 50 ग्रॅम काळीज पुरेसे आहे. एक ते तीन वर्षांच्या बालकाला आठवड्यातून एकदा, 20 ग्रॅमच्या आत, मऊ शिजवून कुस्करलेले द्यावे. वयात आलेल्या मुली आणि बाळंतिणी यांचा हक्क यात पहिला समजावा.

लोहाविषयी मात्र भ्रम नसावा. पन्नास ग्रॅम काळजात तीन-साडेतीन मिलिग्रॅम लोह असते, आणि प्रौढ स्त्रीची आहारातील गरज दिवसाला 29 मिलिग्रॅम धरली आहे. मांसातील लोह धान्य-भाजीतील लोहापेक्षा अधिक चांगले शोषले जाते, आणि काळजाच्या चार फोडी भाकरी व पालेभाजीबरोबर खाल्ल्या तर भाकरी-भाजीतील लोहही अधिक अंगी लागते, हे खरे. तरीही रक्तक्षय जडलेली स्त्री केवळ आठवड्याच्या काळजावर बरी होणार नाही. काळीज खाते म्हणून गोळ्या बंद केल्या, असे सांगणाऱ्या स्त्रिया आरोग्य केंद्रात येतात. त्यांची समजूत घातली पाहिजे. अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीला दररोज 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस दिली जाते. त्या गोळीची जागा काळीज घेऊ शकत नाही. अंकुशकृमींनी आतड्यातून रक्त शोषणे चालू असेल तर गोळी आणि काळीज दोन्ही वाया जातात, म्हणून जंताचे औषधही वेळच्या वेळी घ्यावे.

याहून महत्त्वाची सूचना अ जीवनसत्त्वाची आहे. हे जीवनसत्त्व पाण्याबरोबर बाहेर पडत नाही. ते साठते, आणि अति साठले तर विषासारखे काम करते. उत्तर ध्रुव प्रदेशात अडकलेल्या डच खलाशांनी 1597 मध्ये पांढऱ्या अस्वलाचे यकृत खाल्ले तेव्हा ते गंभीर आजारी पडले व त्यांच्या अंगाची साले निघाली. बोकडाच्या काळजाने इतके होत नाही, पण प्रौढाला दिवसाकाठी 3000 मायक्रोग्रॅम ही जी सुरक्षित मर्यादा मानली आहे, ती मेंढीच्या 50 ग्रॅम काळजातच ओलांडली जाते. आठवड्यातून एखाद्या वेळी असे झाल्यास निरोगी माणसाला अपाय नाही. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अ जीवनसत्त्वाचे आधिक्य गर्भाला व्यंग आणू शकते. म्हणून दिवस गेलेल्या स्त्रीला शक्ती येण्यासाठी काळीज खाऊ घालण्याची रीत सोडून द्यावी. ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रियांना यकृत वर्ज्य करण्याचा सल्ला 1990 पासून दिला जातो. अशा स्त्रीला हृदय, तिल्ली किंवा गुर्दा पूर्ण शिजवून देता येतो. त्यांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि लोह भरपूर मिळते.

उलट बाजूस, रातांधळेपणा असलेले मूल दिसले तर घरी काळीज खाऊ घालून वाट पाहत बसू नये, त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस सहा-सहा महिन्यांनी देण्याची जी योजना देशात 1970 पासून चालत आली आहे, तिचे तत्त्वही हेच आहे : मुलाचे स्वतःचे यकृत तो डोस साठवून महिनोन्‌महिने पुरविते.

संधिवातापैकी युरिक आम्लामुळे होणाऱ्या गाऊट या विकाराच्या रोग्यांनी काळीज व गुर्दे टाळावेत. थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरात, वारंवार रक्त चढविल्यामुळे, लोह आधीच वाजवीपेक्षा अधिक साठलेले असते. त्यांना काळीज व तिल्ली देऊ नये. हृदयविकार असणाऱ्यांनी भेजा वर्ज्य करावा व इतर अवयवांविषयी डॉक्टरांना विचारावे.

शिजविण्याची रीत

काळीज अखंड असतानाच धुवावे, मग त्यावरचा पातळ पापुद्रा काढून फोडी कराव्यात. पित्ताची पिशवी लागून आली असेल तर ती न फुटेल अशी काढावी. फुटली तर सर्व कडू होते. फोडी करून पाण्यात भिजत ठेवल्या की फॉलिक आम्लासारखी जीवनसत्त्वे त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. आले-लसूण, हळद, मीठ लावून लोखंडी तव्यावर किंवा कढईत परतून, थोडे पाणी शिंपडून झाकण ठेवावे. सर्वांत जाड फोड मधोमध कापून पाहावी. आत तांबूस रस दिसेनासा झाला की काळीज शिजले. कच्चे ठेवणे धोक्याचे, आणि मटणाबरोबर तासभर रटरटत ठेवणे निरर्थक. त्याने फोडी चामड्यासारख्या होतात आणि मुले त्या ताटाबाहेर काढतात. वरून लिंबू पिळावे, म्हणजे धान्य-भाजीतील लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय मात्र याच्या उलट काम करते; तासभर थांबावे. वजडी कढत पाणी व चुना लावून खरवडून स्वच्छ करावी लागते, आणि ती पूर्ण मऊ होईपर्यंत शिजविण्यास वेळ लागतो.

काळीज कसे पारखावे

ताजे काळीज गडद तांबूस-तपकिरी, चकचकीत व बोटाला घट्ट लागते, आणि त्याला उग्र वास नसतो. त्यावर पांढरे ठिपके, गाठी किंवा पाण्याने भरलेल्या पिशव्या असतील तर ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पाणथळ जागी चरलेल्या शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात, पित्तनलिका कापल्या असता, पानासारखे चपटे जंत निघतात. तेही टाकून द्यावे. ज्या जनावराला अलीकडेच जंतनाशक औषध किंवा इंजेक्शन दिले आहे, त्याच्या काळजात व गुर्द्यात त्या औषधाचा अंश अधिक काळ राहतो. औषधानुसार किती दिवस थांबावे लागते ते पशुवैद्य सांगतात. शहरातील कत्तलखान्यात जनावराची पशुवैद्यकीय तपासणी होते. जत्रेत वा घरच्या कार्यात कापलेल्या बोकडाची तशी तपासणी होत नाही, म्हणून तेथे कापणाऱ्याने आणि वाटे घालणाऱ्याने स्वतःच डोळसपणे पाहावे.

पाण्याच्या पिशव्या असलेले काळीज व फुप्फुस कुत्र्याला घालण्याची सर्वत्र सवय आहे, आणि तीच सर्वांत घातक आहे. त्या पिशव्यांत एका फीतकृमीची पिल्ले असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती मोठी होतात आणि त्यांची अंडी विष्ठेवाटे अंगणात, शेतात, कुत्र्याच्या केसांवर पसरतात. कुत्र्याशी खेळून न धुतल्या हाताने जेवणाऱ्या मुलाच्या पोटात ती अंडी गेली, की त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच पिशवी वाढू लागते. कित्येक वर्षे तिचा पत्ताही लागत नाही, आणि शेवटी शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. असा अवयव जाळून टाकावा, किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा, आणि वर दगड ठेवावेत.